कॅन्टनचं बंदर आणि मुंबईचा पैसा

खाडीकाठ

गेल्या काही वर्षांत मी चार वेळा ग्वांगझोऊला जाऊन आलो. भिवंडीत आमचा दिव्यांच्या सुट्या भागांचा व्यापार आहे, त्यामुळे वसंतात नाहीतर शरदात भरणाऱ्या कॅन्टन फेअरला जाणं हा कामाचाच भाग. पहिल्या तीन खेपांना विमानतळ, हॉटेल आणि प्रदर्शनाचे हॉल यापलीकडे काही पाहिलं नाही. चौथ्या खेपेला एक दिवस मोकळा मिळाला म्हणून नदीतल्या चांगझोऊ बेटावर गेलो. सन यत-सेन यांच्या काळात १९२४ मध्ये निघालेली व्हाम्पोआ लष्करी अकादमी याच बेटावर आहे, ती बघायची होती. तिथे गेल्यावर कळलं की याच बेटावर टेकडीच्या झाडीत पारशी लोकांची जुनी दफनभूमी आहे. आपल्या मुंबईकडून व्यापाराला गेलेल्या आणि परत न आलेल्या पारशांची.

त्या दिवसापासून या बंदराने मला धरून ठेवलंय. वर्षभर मिळेल ते वाचलं, आणि आता ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हणून हा धागा.

आधी नावाचं. शहर ग्वांगझोऊ, प्रांत ग्वांगडाँग. पोर्तुगीजांनी प्रांताच्याच नावाचं 'कांताँव' केलं, इंग्रजांनी त्याचं कॅन्टन केलं आणि ते शहराला चिकटलं. मी दोन्ही नावं वापरणार आहे.

कॅन्टन म्हटलं की आपल्याला फार तर अफूचं युद्ध आठवतं. पण ते युद्ध झालं तेव्हा हे बंदर दोन हजार वर्षांचं झालेलं होतं. इ.स.पू. २०४ मध्ये चाओ तो नावाच्या छिन सेनापतीने इथे नानयुए हे स्वतःचं राज्य उभं केलं. राजधानी पानयू, म्हणजे आजच्या शहराचा गाभा. इ.स.पू. १११ मध्ये हान सम्राट वू याने ते जिंकून घेतलं. १९८३ मध्ये शहरात इमारतीसाठी एक टेकडी खोदताना याच घराण्याच्या दुसऱ्या राजाची कबर सापडली. अंगावर रेशमी धाग्याने ओवलेल्या जेडच्या चकत्यांचा पोशाख, आणि बरोबर हस्तिदंत आणि इराणी घडणीची चांदीची डबी. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इराणी घडणीची वस्तू दक्षिण चीनच्या राजाच्या कबरीत पोचली होती, यावरून इथली बाजारपेठ किती जुनी ते समजा.

बंदर इथेच का, हा प्रश्न मला पडला होता. नकाशा बघितला की उलगडतं. पश्चिमेकडून, उत्तरेकडून आणि पूर्वेकडून येणाऱ्या तीन नद्या इथे एकत्र होऊन मोत्यांच्या नदीचा, पर्ल रिव्हरचा, त्रिभुज प्रदेश बनतो. शहर समुद्रापासून बरंच आत आहे, त्यामुळे वादळांपासून आडोसा मिळतो. आणि उत्तरेला मेइलिंगची खिंड. तांग काळात, ७१६ मध्ये, चांग च्यूलिंगने तिथला रस्ता नीट बांधून काढला. खिंड चढून पलीकडे उतरलं की गान नदी, तिथून यांगत्से. म्हणजे आतल्या प्रांतांतला चहा, रेशीम आणि चिनीमातीची भांडी होडीतून खिंडीच्या पायथ्याशी येत, हमालांच्या खांद्यावरून खिंड ओलांडत आणि पुन्हा होडीत बसून कॅन्टनला उतरत. आपल्या घाटवाटांवर बैलांचे तांडे जे करायचे, तेच काम.

तांग काळातलं कॅन्टन मला सगळ्यात जास्त बघावंसं वाटतं. यीजिंग हा बौद्ध भिक्षू ६७१ मध्ये इथूनच इराणी जहाजात बसून निघाला, सुमात्रामार्गे भारतात आला आणि नालंदेत वर्षानुवर्षं शिकला. पुढे ७४८ च्या सुमारास च्यानचेन हा भिक्षू वादळाने भरकटून कॅन्टनला आला. त्याच्या प्रवासवृत्तांतात नदीत मोजता न येणारी जहाजं उभी असल्याचं लिहिलंय: ब्राह्मणांची, इराण्यांची आणि कुनलुनांची. ब्राह्मणांची म्हणजे भारताकडची, कुनलुन म्हणजे आग्नेय आशियातली. शहरात ब्राह्मणांची देवळं होती असंही त्यात येतं. परदेशी लोकांसाठी 'फानफांग' नावाची वेगळी वस्ती होती. हुआइशेंग मशिदीचा ३६ मीटर उंचीचा साधा, गुळगुळीत मिनार आजही त्या भागात उभा आहे.

याच वस्तीचा शेवट फार वाईट झाला. ८७८-७९ मध्ये हुआंग चाओच्या बंडखोरांनी शहर घेतलं आणि परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल केली. अबू झैद या अरब लेखकाने मेलेल्यांचा आकडा १,२०,००० दिला आहे. आकडा फुगलेला असेल, पण त्यानंतर बरीच वर्षं अरब जहाजं चीनपर्यंत न जाता अलीकडेच थांबू लागली. सोंग काळात बंदर सावरलं, मग सोंगांच्या उत्तरार्धात आणि युआन काळात च्वानझोऊने त्याला मागे टाकलं. मिंगांनी तर खासगी समुद्री व्यापारच बंद केला. मधली शतकं मी इथे घाईने ओलांडतोय, कारण मला पोचायचंय १७५७ ला.

त्या वर्षी चिएनलुंग बादशहाने हुकूम काढला की पाश्चात्त्यांनी फक्त कॅन्टनलाच व्यापार करायचा. पुढची ८५ वर्षं युरोप-अमेरिकेचा चीनशी होणारा जवळजवळ सगळा समुद्री व्यापार या एका नदीतून झाला. (मकाव पोर्तुगीजांकडे होतं, ते वेगळं.) जहाजाने आधी मकावला वाटाड्या घ्यायचा. मग हूमनच्या सामुद्रधुनीतून आत यायचं आणि व्हाम्पोआला, म्हणजे त्याच चांगझोऊ बेटाजवळ, नांगर टाकायचा. तिथे जकातीचा मुख्य अधिकारी, ज्याला परदेशी लोक 'होप्पो' म्हणत, स्वतः येऊन जहाजाची लांबी-रुंदी मोजायचा. तिच्यावर कर, आणि वर १,९५० तैल (वजनाचं चिनी माप) चांदीचा ठरलेला 'नजराणा'. शहराच्या तटाबाहेर, नदीकाठी, तेरा वखारींची एक ओळ होती. परदेशी व्यापाऱ्याने राहायचं तिथेच, तेही हंगामापुरतं. बायका आणायच्या नाहीत, शस्त्रं आणायची नाहीत, तटाच्या आत पाऊल टाकायचं नाही. चिनी माणसाने परदेशी माणसाला भाषा शिकवणं हासुद्धा गुन्हा. खरेदी-विक्री फक्त सरकारमान्य 'हाँग' व्यापाऱ्यांशी, आणि आपल्या परदेशी गिऱ्हाइकाने काही आगळीक केली तर जबाबदार तोच हाँग व्यापारी.

या हाँग व्यापाऱ्यांतला सगळ्यात मोठा वू बिंगच्यान, परदेशी लोकांचा 'हाउक्वा'. १८३४ मध्ये त्याच्या संपत्तीचा अंदाज २ कोटी ६० लाख डॉलर होता, त्या काळच्या चांदीच्या डॉलरमध्ये. जगातल्या सगळ्यात श्रीमंत खासगी माणसांत त्याची गणना होत असे. पण सरकारला देणग्या, पुरासाठी देणग्या, लष्करासाठी देणग्या, यातून त्याची सुटका नव्हती. इतर हाँग व्यापारी तर एकामागून एक दिवाळखोर झाले.

जिथे हे सगळं घडलं त्या रस्त्याचं नाव अजून 'तेरा हाँग रस्ता' आहे. तिथे आता तयार कपड्यांचा घाऊक बाजार भरतो, आणि पहाटेपासून गाठोडी वाहणाऱ्या हातगाड्यांमुळे चालायला वाट मिळत नाही. मी तिथे उभा राहिलो तेव्हा भिवंडीतलाच एखादा नाका वाटला.

मुंबईचा भाग पुढे प्रतिसादांत लिहितो. ज्यांना या विषयातलं काही माहीत आहे त्यांनी जरूर भर घाला.

---

निळी_शाई

फार सुंदर धागा. वाचतेय. एक शंका: पारशी लोक मृतदेह दफन करत नाहीत ना? मग दफनभूमी कशी?

---

खाडीकाठ

@निळी_शाई, मलाही हाच प्रश्न पडला होता. चीनमध्ये दोखमा, म्हणजे पार्थिव पक्ष्यांसाठी ठेवायची जागा, आपण ज्याला डुंगरवाडीची विहीर म्हणतो ती, नव्हतीच. समुद्रातून पार्थिव मुंबईला आणणं शक्य नव्हतं. त्यामुळे नाइलाजाने दफन. मकावमध्ये १८२९ ची पारशी दफनभूमी आहे, हाँगकाँगला १८५२ ची आहे, आणि ही व्हाम्पोआची. माणूस गेला तर त्याच्या धर्माप्रमाणे शेवटचं करता येणार नाही हे ठाऊक असूनही लोक वर्षानुवर्षं तिथे जाऊन राहत होते. मला त्या टेकडीवर हेच सारखं मनात येत होतं.

चिनी लोक पारशांना 'पांढऱ्या डोक्याचे परके' म्हणत, त्यांच्या पांढऱ्या पगड्यांवरून. वखारींच्या ओळीत पारशी आणि इतर भारतीय व्यापारी 'चाउ-चाउ वखारी'त उतरत.

---

दीपस्तंभ_६८

मर्चंट नेव्हीत ३४ वर्षं काढली. हूमनमधून अनेकदा गेलोय, तेव्हा थोडी भर.

वर जो 'हंगाम' म्हटलाय तो सरकारने उगीच ठरवलेला नव्हता, तो वाऱ्याने ठरवलेला होता. मुंबईकडून शिडाची जहाजं नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर निघायची, मलाक्का सामुद्रधुनी ओलांडायची आणि पावसाळ्याच्या अखेरीला चिनी समुद्रात पोचायची. परतीसाठी ईशान्य वारा लागायचा, तो नोव्हेंबरनंतर धरतो. मधले महिने माल विकणं, चहा घेणं, जहाज भरणं. ज्याचं काम वेळेत आटपलं नाही तो अडकला. मग मकावला जाऊन पुढच्या हंगामाची वाट बघायची.

आणि व्हाम्पोआलाच का थांबायचं? कारण त्याच्या वर नदीत मोठ्या जहाजाला पाणी नाही. तिथून शहर अंदाजे २० किलोमीटर. तिथून पुढे सगळा माल लहान होड्यांतून. आजही तीच गोष्ट: जहाजं मोठी होत गेली तसं बंदर नदीतून खाली सरकत गेलं. आताचा मोठा कंटेनर धक्का नान्शाला, पार मुखाशी. ग्वांगझोऊचं बंदर वर्षाला २ कोटींहून जास्त कंटेनर (२० फुटी हिशोबाने) हाताळतं. न्हावाशेवा बघितलेल्या माणसाला त्या आकड्याचा अर्थ कळेल.

हूमन म्हणजे 'वाघाचं दार'. पोर्तुगीज त्याला वाघाचं तोंड म्हणायचे. दोन्ही अंगांना टेकड्या, त्यांवर जुन्या तोफांचे बुरूज. पहाटे धुक्यात तिथून जाताना ब्रिजवर कुणी बोलत नसे.

---

मालवी

आम्ही इंदूरचे मराठी, सात पिढ्या. या विषयाची एक बाजू आमच्या मातीतली आहे, आणि ती सांगायला जड जातंय, पण सांगतो.

कॅन्टनला जाणारी अफू दोन ठिकाणची. एक बंगालची, म्हणजे पाटणा-बनारसची. ती कंपनी सरकारची मक्तेदारी, कलकत्त्याला लिलाव व्हायचा. दुसरी माळव्याची, आणि ती पिकायची संस्थानांच्या मुलखात. होळकरांच्या, शिंद्यांच्या आणि आसपासच्या लहान संस्थानांच्या. इंदूर-उज्जैनचे सावकार शेतकऱ्याला पेरणीआधी उचल द्यायचे, चीक विकत घ्यायचे, त्याच्या वड्या करून पेट्या भरायचे. संस्थानाला त्यावर महसूल. कंपनीने ही अफू अडवायचा प्रयत्न केला, तेव्हा माल राजस्थानातून कराचीला आणि पोर्तुगीजांच्या दमणला जायला लागला. शेवटी १८३० च्या आसपास कंपनीने हार मानली आणि परवाना-शुल्क घेऊन माल मुंबईतून जाऊ द्यायला सुरुवात केली. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांनी घेतल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि सगळं मुंबईतून.

तेव्हा 'इंग्रजांनी चीनला अफू पाजली' हे वाक्य खरं असलं तरी अर्धं आहे.

---

कडूलिंब

मालवी, थोडं थांबा. शेतकऱ्याला पर्याय काय होता? कर रोख भरायचा, सावकाराची उचल फेडायची. आणि व्यापाऱ्यांनाही इंग्रजांनी उभारलेल्या चौकटीतच धंदा करावा लागला. चीनवर तोफा आपण डागल्या नाहीत. एवढ्या सहजपणे दोष वाटून घेऊ नये असं मला वाटतं.

---

मालवी

शेतकऱ्याबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. त्याच्या हातात काहीच नव्हतं. मी सावकार, दलाल आणि जहाजमालकांबद्दल बोलतोय.

---

खाडीकाठ

दोघांचेही आभार, माझ्या मनात वर्षभर हेच चाललं होतं.

कडूलिंब, चीनमध्ये अफूबंदीचा पहिला हुकूम १७२९ चा आहे. पुढे आयातीवरही बंदी आली. ही गोष्ट मुंबईत प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक होती. म्हणूनच अफूची जहाजं व्हाम्पोआपर्यंत न जाता बाहेर लिंतिन बेटाजवळ थांबत, तिथे जुनी जहाजं तरंगत्या गोदामासारखी नांगरून ठेवलेली असत, आणि तिथून चिनी तस्करांच्या वल्हीदार होड्या माल उचलत. ज्याला आपण कायदेशीर धंदा करतोय असं वाटतं तो असा बाहेर थांबत नाही.

आणि यात मुंबईचे कोण होते? सुरुवात कापसाची होती. गुजरात-काठेवाडचा कापूस अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईहून कॅन्टनला मोठ्या प्रमाणात जायचा. अफू नंतर वरचढ झाली. जमशेटजी जीजीभाई (जन्म १७८३) चीनला पाच वेळा गेले. १८०५ मध्ये 'ब्रन्सविक' नावाचं जहाज श्रीलंकेजवळ फ्रेंचांनी पकडलं, त्यावर ते होते, आणि त्याच जहाजावरचा डॉक्टर होता विल्यम जार्डिन. दोघांची ती ओळख. जार्डिनने पुढे डॉक्टरकी सोडली आणि १८३२ मध्ये कॅन्टनला जार्डिन-मॅथेसन कंपनी उभी केली. मुंबईत तिचे सगळ्यात मोठे सहकारी जमशेटजी. त्यांच्या जोडीला मोतीचंद अमीचंद यांच्यासारखे जैन व्यापारी होते, रोजेरिओ द फारिया हे गोवेकर होते. म्हणजे हा पैसा एका समाजाचा नव्हता, मुंबईचा होता.

त्याच जमशेटजींनी जे.जे. रुग्णालय दिलं, कलाशाळेला पैसा दिला, पुण्यात मुळा-मुठेवर बंधारा बांधायला मदत केली. त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून माहीमचा कॉजवे झाला. माझ्या आईचं ऑपरेशन जे.जे.मध्येच झालं, ती वाचली. त्या इमारतीकडे मी कधीही हलक्या नजरेने बघू शकणार नाही. पण त्या पैशाचा एक धागा लिंतिनच्या तरंगत्या गोदामांपर्यंत जातो, हे माहीत झाल्यावर ते विसरायचंही नाही, असं मी स्वतःशी ठरवलंय.

आपल्याच लोकांनी हे त्या काळीही बोलून दाखवलं होतं. दादाभाई नौरोजींनी या व्यापारावर कडक शब्दांत टीका केली. रवींद्रनाथांनी १८८१ मध्ये, ऐन विशीत, चीनमधल्या या मरणाच्या व्यापाराविरुद्ध लेख लिहिला.

---

निळी_शाई

माहीमच्या कॉजवेवरून रोज जाते. हे माहीत नव्हतं. लिन त्सेशूबद्दल लिहाल का?

---

खाडीकाठ

लिहितो, तो माझा आवडता माणूस आहे.

लिन त्सेशू बादशहाचा खास आयुक्त म्हणून १० मार्च १८३९ ला कॅन्टनला पोचला. आठवड्याभरातच हुकूम: सगळी अफू सरकारजमा करा. व्यापाऱ्यांनी टाळाटाळ केली तेव्हा म्हाताऱ्या हाउक्वाला गळ्यात साखळी घालून वखारीत पाठवलं, की ऐकलं नाही तर याचा जीव जाईल. मग वखारी वेढल्या, नोकर-स्वयंपाकी काढून घेतले. जवळपास ३५० परदेशी सहा आठवडे कोंडलेले होते, त्यांत पारशीही होते. शेवटी इंग्रज अधीक्षक चार्ल्स इलियट याने २०,२८३ पेट्या सोपवायचं कबूल केलं. त्यांत मुंबईकरांचा मालही पुष्कळ होता.

३ जूनपासून हूमनला ही अफू नष्ट केली गेली. जाळली नाही, जाळल्यावर अवशेष जमिनीत मुरतात आणि लोक ती माती उकरून नेतात. मोठे हौद खणले, त्यांत पाणी, मीठ आणि चुना टाकून अफू विरघळवली आणि ओहोटीला समुद्रात सोडून दिली. वीस-बावीस दिवस हे काम चाललं. सुरू करण्याआधी लिनने समुद्रदेवतेची प्रार्थना लिहिली, तुझं पाणी आम्ही विटाळतोय याबद्दल माफी मागितली आणि जलचरांना काही काळ दूर न्यायची विनंती केली. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

पुढे युद्ध. आणि युद्धाच्या शेवटी पुन्हा मुंबई. २९ ऑगस्ट १८४२ ला नानचिंगचा तह ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर झाला, ते मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी सागवानातून बांधलं होतं, १८१३ मध्ये. चीनने २ कोटी १० लाख डॉलर द्यायचे ठरले, त्यातले ६० लाख नष्ट केलेल्या अफूची भरपाई. हाँगकाँग गेलं, आणि पाच बंदरं उघडली: कॅन्टन, अमॉय, फूचौ, निंगपो, शांघाय.

---

कडूलिंब

वाडियांच्या जहाजाचं माहीत नव्हतं. माझं आधीचं मत थोडं बदललंय. तरी एक विचारतो: युद्धात हिंदी शिपाई होते का?

---

दीपस्तंभ_६८

होते. मद्रास आणि बंगालच्या पलटणी होत्या. मे १८४१ मध्ये कॅन्टनच्या उत्तरेला सान्युआनली गावाजवळ हजारो गावकरी इंग्रज फौजेवर चालून आले. तुफान पाऊस, बंदुकांची दारू भिजलेली, आणि ३७ व्या मद्रास पलटणीची एक तुकडी वाट चुकून घेरली गेली. तिची रात्री कशीबशी सुटका झाली. चीनमध्ये हा प्रसंग शाळेत शिकवतात, तिथे गावात स्मारक आहे. भाले आणि कुदळी घेतलेला शेतकरी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पगारासाठी समुद्र ओलांडून आलेला मद्रासी शिपाई. मला दोघांबद्दलही वाईट वाटतं.

दुसऱ्या युद्धात इंग्रज-फ्रेंचांनी १८५७ च्या अखेरीला कॅन्टन घेतलं. तिथला व्हाइसरॉय ये मिंगछेन याला पकडून कलकत्त्याला नेलं, १८५९ मध्ये तो तिथेच वारला.

---

अबोली

गोव्याहून. मकावचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अधिपत्याखाली होता, हे इथे नमूद करायला हवं. आमच्याकडे चांदरच्या ब्रागांझांच्या वाड्यात आणि इतर जुन्या घरांत मकावहून आलेली चिनीमातीची भांडी अजून आहेत. कॅन्टनच्या कारागिरांची पद्धत अशी की कोरी भांडी चिंगदचनहून यायची आणि गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे चित्रं, घराण्याची चिन्हं कॅन्टनला रंगवायची.

पारशी गारा साडीही तिथलीच ना?

---

खाडीकाठ

हो अबोलीताई, गाऱ्यावरचं बगळ्यांचं, कमळांचं भरतकाम कॅन्टनच्या भरतकाम करणाऱ्यांचं. व्यापारी घरच्या बायकांसाठी आणायचे. लिची हा शब्दही कॅन्टनी 'लाइची'वरून आलाय. आणि चहा: कॅन्टनी 'छा', पोर्तुगीज 'शा', फारसी 'चाय'. आपल्या चहाचा माग कुठल्याही वाटेने काढला तरी 'छा'पाशीच पोचतो.

१८४२ नंतरचं थोडक्यात. शांघाय चहा-रेशमाच्या मुलखाला जवळ, यांगत्सेच्या तोंडाशी. दहा-पंधरा वर्षांत व्यापार तिकडे वळला. मेइलिंग खिंडीतले हजारो हमाल आणि नदीवरचे नावाडी बेकार झाले. त्यानंतर चिनी बादशाहीविरुद्ध झालेल्या मोठ्या ताइपिंग बंडाचा नेता हुंग श्यूच्युआन कॅन्टनजवळच्याच गावचा. परीक्षेला बसायला तो कॅन्टनला येत असे, आणि तिथेच १८३६ मध्ये त्याच्या हातात ख्रिस्ती पत्रकं पडली. तेरा वखारी १८५६ मध्ये जळाल्या त्या कायमच्या. मग इंग्रज-फ्रेंचांनी शामियन नावाच्या वाळूच्या बेटावर भर घालून आपली वसाहत बांधली, चार भाग इंग्रजांचे, एक फ्रेंचांचा. २३ जून १९२५ ला समोरच्या काठावरून जाणाऱ्या मोर्चावर तिथूनच गोळीबार झाला, ५० हून जास्त माणसं मेली. त्यानंतर कॅन्टन-हाँगकाँगचा संप वर्षाहून अधिक चालला.

---

सोलापूरचा_माणूस

इतका वेळ नुसता वाचत होतो, आता लिहावंच लागेल. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. १ सप्टेंबर १९३८ ला पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून निघालं, ते चीनमध्ये पहिल्यांदा उतरलं कॅन्टनलाच. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यांत होते. धक्क्यावर स्वागताला सन यत-सेन यांच्या पत्नी सूंग चिंगलिंग स्वतः आल्या होत्या. तिथून ते आत हानकोकडे गेले, आणि पुढच्याच महिन्यात, २१ ऑक्टोबरला, कॅन्टन जपान्यांच्या हाती पडलं. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला चीनमध्येच वारले, वय ३२.

त्याच्या शंभर वर्षं आधी त्याच मुंबईतून त्याच बंदरात काय जात होतं, हे या धाग्यामुळे पहिल्यांदा कळलं. आजोबा कोटणीसांबद्दल नेहमी सांगायचे. आज ते हवे होते.

---

मालवी

सोलापूरकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आभार.

---

कडूलिंब

+१

---

निळी_शाई

आणि आत्ताचं कॅन्टन फेअर? ते कधीपासून?

---

खाडीकाठ

१९५७ च्या वसंतापासून, वर्षातून दोनदा. सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीतही ते बंद पडलं नाही. चीनला परकीय चलन हवं होतं आणि बाहेरच्या जगाशी व्यापार करायची सवय असलेलं शहर हेच. १९७८ नंतर धोरण बदललं, शेजारी शेनझेन उभं राहिलं आणि १९८४ मध्ये ग्वांगझोऊ खुल्या केलेल्या १४ किनारी शहरांत आलं. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ८६ लाखांवर. आज तिथल्या घाऊक बाजारांत आफ्रिकी, अरब, भारतीय व्यापारी शेजारी शेजारी भाव करताना दिसतात. तांग काळातली फानफांग अशीच असेल असं मला तिथे फिरताना वाटतं.

बेजिंग रोडवर काचेखाली जुने रस्ते उघडे ठेवलेत. एकावर एक ११ थर, तांग काळापासून १९२०-३० च्या दशकांपर्यंतचे. जाल तेव्हा बघा.

---

अबोली

पुन्हा जाणार असाल तर पुढच्या खेपेला काय बघणार?

---

खाडीकाठ

समुद्रदेवतेचं देऊळ. ५९४ मध्ये सुई राजवटीत बांधलेलं, व्हाम्पोआच्या बाजूलाच, जुन्या काळी जहाजं निघण्यापूर्वी तिथे पूजा व्हायची. तिथे एका परदेशी माणसाची मूर्ती आहे. चिनी अधिकाऱ्याचे कपडे, चेहरा सावळा, एक हात कपाळाशी धरून दूर बघतोय. दंतकथा अशी की तांग काळात भारतातून, काही जण मगध म्हणतात, आलेला हा दूत. येताना त्याने फणसाच्या बिया आणल्या. देवळाच्या आवारात त्या लावण्यात इतका रमला की त्याचं जहाज त्याला सोडून निघून गेलं. मग तो रोज तिथे उभा राहून समुद्राकडे बघायचा, शेवटपर्यंत. गावकऱ्यांनी त्याला देव केलं. फणसाला चिनीत 'पोलोमी' म्हणतात, आणि लोक त्या देवळालाही पोलो देऊळच म्हणतात.

---

दीपस्तंभ_६८

इतकी वर्षं त्या देवळावरून जहाज नेलं, कधी उतरलो नाही. आमच्या देवगडच्या घरामागे दोन फणस आहेत, एक कापा, एक बरका. खाडीकाठ, जाल तेव्हा त्या मूर्तीचा एक फोटो इथे टाका.

---

खाडीकाठ

नक्की टाकतो काका. ऑक्टोबरचं तिकीट काढलंय.